सावंतवाडीची लाकडी भातुकली : काय घ्यावे, काय सोडावे आणि कोणाबरोबर खेळावे

सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणारी लाकडी खेळणी महाराष्ट्रात कोणाला नवी नाहीत. गोव्याला जाता-येता गाडी थांबवून लाकडी फळांची परडी विकत घेणारी आणि घरी आल्यावर ती काचेच्या कपाटात ठेवून देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. प्रस्तुत परीक्षण त्याच दुकानांतून मिळणाऱ्या भातुकलीच्या संचाचे आहे, आणि ते तीन ते सहा वर्षांच्या मुलाने रोज हाताळायचे खेळणे या दृष्टीने केलेले आहे. आमच्या घरी चार वर्षांची मुलगी आहे, सुट्टीत तिच्याहून थोडा मोठा मावसभाऊ राहायला येतो, आणि या दोघांच्या हातून हा संच भरपूर आदळआपट होऊन निघाल्यानंतर मी हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते : खेळणे उत्तम आहे, पण खोक्यात बांधून ठेवलेला संच जसाच्या तसा घेऊ नये, आणि मोठ्या माणसांचा स्वयंपाक जिथे चालतो त्याच्या आसपास ही भातुकली मांडायची तयारी नसेल, तर तिच्यावर फारसा खर्च करू नये.

संचात काय असते हे दुकानागणिक बदलते. मध्यम आकाराच्या खोक्यात साधारणपणे चूल किंवा शेगडी, तवा, कढई, झाकणांसह दोन-तीन पातेली, परात, पोळपाट-लाटणे, पळी, उलथने, जाते, खलबत्ता, उखळ-मुसळ, कळशी, तांब्या, पेले, ताटे आणि वाट्या एवढा ऐवज येतो. किंमत नगांच्या संख्येवर आणि आकारावर ठरते; आम्हाला मध्यम संच हजार रुपयांच्या आतबाहेर पडला. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी परंपरेने पांगाऱ्याचे लाकूड वापरले जात असे, कारण ते वजनाला हलके आणि कापायला मऊ असते. हल्ली पांगारा पुरेसा मिळत नसल्याने आंब्यासारखी इतर लाकडेही वापरली जातात. हा फरक मुलाच्या हाताला जाणवतो. दोन सारख्या दिसणाऱ्या कढया उचलून पाहिल्या तर एक दुसरीपेक्षा स्पष्टपणे जड लागते, आणि हलकी कढई पायावर पडली तरी रडारड होत नाही, एवढे एक कारण ती निवडायला पुरेसे आहे. येथील लाकडी हस्तकलेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे या खेळण्यांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले आहे. मात्र मानांकन कलेला मिळाले म्हणून खोक्यातला प्रत्येक नग चांगला निघेल असे मानण्याचे कारण नाही.

सगळ्यांत जास्त खेळले गेले ते जाते. वरच्या तळीच्या खुंट्याला धरून एका हाताने ती फिरवायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने मधल्या भोकात दाणे सोडायचे, ही क्रिया मोठ्यांना सोपी वाटते, परंतु चार वर्षांच्या मुलाला दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगवेगळी कामे करणे अवघड जाते. सुरुवातीला मुलगी फिरवणे थांबवून दाणे टाकत असे आणि मग पुन्हा फिरवू लागे. मूठभर तांदूळ एकदम ओतला की दोन तळ्यांच्या मध्ये दाणे अडकत आणि जाते फिरेनासे होई. तेव्हा वरची तळी उचलायची, दाणे बाजूला सारायचे आणि पुन्हा थोडे-थोडे घालायचे, हा क्रम तिला कोणी शिकवला नाही. काही आठवड्यांनी दोन्ही हात आपापली कामे करू लागले. हे सारे पाहताना माझ्या लक्षात आले की लाकडी जात्यात पीठ पडत नाही याची मुलांना अजिबात खंत नसते. तळ्यांच्या फटीतून बाजूला निसटलेले तांदूळ हेच त्यांचे पीठ असते आणि त्याच्या भाकरीही होतात.

दुसरी मोलाची वस्तू म्हणजे वेगवेगळ्या आकारांची भांडी, अर्थात ती आतून खरोखर पोकळ असतील तर. पसरट परात, उभट पेला आणि खोलगट वाटी यांत तेच तांदूळ आलटून पालटून ओतणे हा खेळ तासभर चालतो. उभट पेल्यात ओतलेले तांदूळ जास्त झाले आणि परातीत ओतले की कमी झाले, असे या वयाची मुले ठामपणे सांगतात. वस्तूचा आकार बदलला तरी तिचे प्रमाण तेवढेच राहते ही समज मुलांना साधारण सातव्या वर्षाच्या आसपास येते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी अशाच ओताओतीच्या प्रयोगांतून दाखवले होते. म्हणून मूल ‘पेल्यात जास्त आहेत’ म्हणाले की पालकांनी त्याची चूक काढायला धावू नये. भाऊ वयाने थोडा मोठा असल्याने तो ‘पुन्हा ओतून बघू या’ म्हणाला, आणि त्या वाक्याने जे काम झाले ते माझ्या दहा मिनिटांच्या समजावणीने झाले नसते. पाण्याने हा खेळ अधिक रंगतो, पण लाकडी भांड्यांत पाणी घालू नये. त्यासाठी घरातल्या स्टीलच्या वाट्या आणि पेले न्हाणीघरात द्यावेत.

ताटवाट्यांबाबत एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या संचात ताटे चार आली, वाट्या चार आल्या आणि पेले मात्र तीनच निघाले. चौथा पेला राहिला असेल म्हणून दुकानात फोन करण्याचे माझ्या मनात आले होते. पण त्याआधीच पंगत मांडताना मुलीने बाहुली, अस्वल, आजोबा आणि भाऊ यांच्यापुढे एकेक ताट, एकेक वाटी ठेवली आणि पेले ठेवताना ती अडली. एकापुढे एक याप्रमाणे वस्तू लावत जाणे, कोणाला काय मिळाले नाही हे ओळखणे आणि तीनात किती घातले म्हणजे चार होतील हे हाताने शोधणे, ही अंकगणिताची खरी पायाभरणी आहे. एक ते शंभर पाठ म्हणण्याच्या किती तरी आधी हे यायला हवे. तिने बाजारातून, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातून, एक पेला उसना आणला. चौथा पेला आम्ही अजून विकत घेतलेला नाही.

झाकणांची पातेली ही तिसरी चांगली वस्तू. तीन पातेली आणि तीन झाकणे एकत्र केली की कोणते कोणाचे हे मुलाला करून पाहूनच ठरवावे लागते, आणि चुकीचे झाकण बसत नाही म्हणून कोणी सांगण्याची गरजही उरत नाही. माँटेसरी पद्धतीतली जी साधने मुलाला त्याची चूक स्वतःच दाखवून देतात, त्यांच्याशी ही पातेली आणि झाकणे मुकाबला करू शकतात. पावसाळ्यात मात्र लाकूड फुगते आणि झाकणे अडकून बसतात. मुंबईत आणि कोकणात हा त्रास जून ते सप्टेंबर राहणारच, आणि ती काढण्यासाठी मोठ्यांना हाक मारली जाणारच.

आता नावडलेल्या गोष्टी. संचाची नगसंख्या वाढवण्यासाठी त्यात मिक्सर, फ्रीज, गॅसचे सिलिंडर असल्या वस्तू घातलेल्या असतात आणि त्या बहुतेक वेळा भरीव ठोकळे असतात. मिक्सरचे भांडे निघत नाही, फ्रीजचे दार केवळ रंगवलेले असते. ज्यात काही घालता येत नाही आणि ज्यातून काही काढता येत नाही अशी वस्तू मुले दोन दिवसांत बाजूला टाकतात. आमच्याकडे फ्रीजचा उपयोग शेवटी दुकानाचा गल्ला म्हणून झाला. कढईचे कान आणि पातेल्यांच्या मुठी कित्येकदा नुसत्या चिकटवलेल्या असतात आणि पहिल्याच महिन्यात निघतात, त्यामुळे विकत घेताना त्या हलक्या हाताने ओढून पाहाव्यात. रंगाबद्दल तर जास्तच काळजी घ्यावी लागते. एका दुकानातून घेतलेल्या छोट्या लाकडी मिरच्यांचा तांबडा रंग मुलांच्या ओल्या बोटांना लागला, आणि त्याविषयी विचारल्यावर ‘सुरुवातीला थोडा जातोच’ असे उत्तर मिळाले. मी त्या मिरच्या काढून टाकल्या. या वयाचे मूल लटका घासही खरोखर तोंडाला लावते, त्यामुळे रंग कोणता वापरला आहे हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारावे, ओल्या पांढऱ्या फडक्याने नग पुसून पाहावा आणि पळी, वाटी, खलबत्ता या वस्तू शक्यतो आतून रंग न दिलेल्या मागाव्यात. आतून कोऱ्या लाकडाच्या खलबत्त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट सहज होतो, आणि तो आमच्याकडे प्रत्यक्ष कोशिंबिरीत पडलेला आहे.

येथे खेळण्यांच्या मानकाचाही उल्लेख करायला हवा. भारतात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, परंतु हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः बनवलेली आणि विकलेली खेळणी तसेच भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यांना त्या आदेशातून सूट देण्यात आली. कारागिरांच्या दृष्टीने ती सूट योग्यच होती, कारण दोन माणसांच्या कार्यशाळेला चाचणीचा खर्च परवडला नसता. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा की हातातला नग प्रयोगशाळेतून आलेला नाही, तेव्हा पारख आपणच करायची आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी घशात अडकण्याची शक्यता तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे छोटे नळकांडे वापरतात आणि त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती धोकादायक मानली जाते. भातुकलीतल्या लसणाच्या कुड्या, लिंबे, मिरच्या आणि सर्वांत छोट्या वाट्या या मापात बसू शकतात. घरात रांगते भावंड असेल तर या वस्तू सरळ वेगळ्या काढून ठेवाव्यात.

प्लॅस्टिकच्या आणि स्टीलच्या संचांशी तुलना करायची झाल्यास प्रत्येकाची बाजू आहे. चिकटपट्टीने जोडलेली आणि लुटुपुटूच्या सुरीने दोन तुकडे होणारी प्लॅस्टिकची भाजी मुलांना भलतीच आवडते आणि दोन हातांच्या मेळासाठी ती उपयुक्तही आहे, पण ती कापून झाली की खेळ संपतो. बटण दाबल्यावर फोडणीचा आवाज करणारी शेगडी मी कोणाला भेट देणार नाही, कारण फोडणीचा ‘चर्र’ आवाज मुलाने तोंडाने काढण्यातच सारी मजा असते आणि शेगडी ती मजा त्याच्याकडून काढून घेते. स्टीलचा संच धुता येतो, पाण्यात चालतो आणि टिकतोही. मात्र स्वस्त संचातल्या पातळ पत्र्याच्या कडा बोटांना कापतात आणि दुपारी शेजारी झोपलेले असताना त्याचा आवाज असह्य होतो. पितळेची भातुकली देखणी असते, पण ती सांभाळण्याची जबाबदारी मुलावर पडते आणि मग ‘पाडू नकोस, डाग पडेल’ या सूचनांखाली खेळ गुदमरतो.

तरीही या सर्व संचांत जो फरक आहे त्यापेक्षा खूप मोठा फरक खेळणाऱ्या पालकामुळे पडतो, आणि परीक्षणाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भातुकली मुलांच्या खोलीत मांडली तेव्हा मुलगी पंधरा मिनिटांत कंटाळून बाहेर येई. तीच भातुकली स्वयंपाकघराच्या दाराशी, चटईवर मांडल्यापासून खेळाला रोज नवा माल मिळू लागला. मी मटार सोलायला बसले की तिच्या वाट्याला चार शेंगा येतात. शेंगेची शीर ओढणे, बोटाने दाणे ढकलणे, या शेंगेत किती आणि त्या शेंगेत किती हे पाहणे, आणि कोवळे दाणे खाऊन टाकणे हे सारे होऊन मग उरलेले तिच्या पातेल्यात पडतात. मेथी निवडताना काड्या तिला मिळतात आणि त्यांची ती चूल पेटवते. कणकेचा लिंबाएवढा गोळा पोळपाटावर लाटताना तो एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड राहतो, पोळपाटाला चिकटतो, मग ती पीठ मागते. किती पिठी लावायची हे ती माझ्या हाताकडे पाहून ठरवते. अशा वेळी निवडणे, पाखडणे, चाळणे, मळणे, कुटणे, घुसळणे, परतणे ही क्रियापदे तिच्या तोंडी सहज येतात, जी इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गात किंवा चित्रांच्या तक्त्यावर तिला भेटणार नाहीत.

पालकांनी काय करू नये हेही सांगते, कारण मी अनेक घरांत ते पाहिले आहे. मुलाने पानात काही वाढले की ‘हा रंग कोणता, याला आकार कोणता, मोजून दाखव’ अशी तोंडी परीक्षा सुरू करू नये. त्याऐवजी पाहुणा व्हावे. ‘मला भात कमी वाढा, वरण जास्त’, ‘आमच्या यांना तिखट चालत नाही’, ‘आणखी दोघे येणार आहेत, पुरेल ना?’ असे पाहुण्याच्या तोंडचे एक वाक्य मुलाला मोजायला, विचार करायला आणि उत्तर द्यायला भाग पाडते आणि त्याला शिकवले जात असल्याचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे आजोबा हा पाहुणा फार उत्तम वठवतात. ते बिलही मागतात आणि ते जास्त लावले म्हणून हुज्जतही घालतात. खोक्यावर नेहमी मुलीचेच चित्र असते, ते दुकानदारांनी बदलावे. भाच्याने पहिल्या दिवशी हा मुलींचा खेळ आहे म्हणून नाक मुरडले होते, पण त्याचे वडील चटईवर बसून भाकरी थापू लागल्यावर त्याने तक्रार केली नाही आणि पुढे खानावळीचा मालक तोच झाला.

शिक्षणाच्या नावाखाली खेळणी विकण्याचा सध्या सुकाळ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ मध्ये त्यासाठी आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळातून शिकण्यावर भर दिला, तेव्हापासून साध्या ठोकळ्यांच्या खोक्यावरही ‘बौद्धिक विकास’ छापलेले दिसते. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने गावात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंचीच साधने केली. त्या मोजपट्टीने पाहिले तर सावंतवाडीची भातुकली पास होते, आणि तिच्याबरोबर दिली जाणारी वाटीभर चवळी, चिंचोके आणि शेंगांची टरफलेही पास होतात. खोक्यावरच्या जाहिरातीसाठी कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत.

परदेशातल्या नातवंडांसाठी संच नेणाऱ्यांनी शेगडी-कढईऐवजी जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा आणि रवी घ्यावी. या वस्तू तिथल्या घरात दिसत नाहीत, आणि आजी-आजोबांना सांगण्यासारखे त्यांच्याबद्दल बरेच काही असते.

निगा फार लागत नाही. भांडी पाण्यात बुडवू नयेत, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत, रंग न दिलेल्या नगांना अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात बंद खोक्यात ठेवल्यास बुरशी येते, म्हणून उघड्या टोपलीत ठेवावीत. कोनांवर कूस उठलेली दिसली तर बारीक पॉलिश पेपरने ती घासून टाकावी.

खरेदीबद्दल शेवटचे. शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन घ्यावे. चितारआळी गावातच आहे आणि दुकाने एकमेकांना लागून असल्याने नग उचलून, वाजवून, ओढून पाहता येतात. जाते, झाकणांची तीन पातेली, परात, पोळपाट-लाटणे, चार ताटे, चार वाट्या, दोन-तीन पेले, पळी आणि आतून कोरा खलबत्ता एवढे सुटे घेतले तर बांधलेल्या संचापेक्षा पैसे फार जास्त पडत नाहीत आणि एकही वस्तू पडून राहत नाही. ऑनलाइन मागवताना छायाचित्रात भांड्यांचा आतला भाग दिसतो का हे पाहावे, आणि दिसत नसेल तर ती पोकळ आहेत का हे विचारून मगच पैसे भरावेत.